सेवेलाही मुदत असावी

जानेवारीतला रविवार. उपासना आटोपली आहे, पण आशीर्वादानंतर कोणी उठायचे नाही असे पाळकसाहेबांनी आधीच बजावले आहे, कारण मंडळीची वार्षिक सभा आहे. गेल्या वर्षीचा अहवाल वाचला जातो, जमाखर्च मंजूर होतो आणि मग वर्षभराच्या कामांची यादी निघते. संडे स्कूल कोण घेणार? गायनवृंद कोण पाहणार? आजाऱ्यांच्या भेटी? कापणीच्या सणाचे जेवण? महिला मंडळाची चिटणीस कोण? पाळकसाहेबांची नजर बाकांवरून फिरत एका चेहऱ्यावर थांबते. “ताई, तुम्ही घ्याल ना?” सगळी मंडळी वळून पाहते. ताई मान हलवतात. टाळ्या होतात. पुढचे नाव.

पावसाळा लागेपर्यंत त्या यादीतली काही नावे नुसती कागदावर उरलेली असतात. ताईंना नोकरीत रविवारची पाळी लागते. गायनवृंदातला तरुण पुण्याला नाहीतर बंगळूरला निघून जातो. आजाऱ्यांच्या भेटींचे काम घेतलेले गृहस्थ दोनदा जाऊन येतात, तिसऱ्यांदा राहून जाते, कोणी विचारत नाही आणि तेही सांगत नाहीत. मग एखाद्या रविवारी उपदेश होतो: देवापुढे दिलेला शब्द मोडू नये. ऐकणारे माना खाली घालतात. पुढच्या जानेवारीत पुन्हा तीच सभा, तीच यादी.

उपदेशातले तत्त्व खोटे नाही. दिलेला शब्द पाळावा याबद्दल कोणाचे दुमत असणार? खटकते ते एवढेच की त्यात सगळा दोष होकार देणाऱ्याच्या पदरात टाकला जातो. होकार मागितला कसा, नेमका कशासाठी, किती दिवसांसाठी, आणि पुढेमागे तो परत करायची वेळ आली तर कोणाकडे करायचा, हे कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे की मंडळीतल्या सेवेचा शब्द एकट्या माणसाच्या सद्गुणावर टिकत नाही. मागणाऱ्यांनी आणि देणाऱ्यांनी तो मिळून सांभाळायचा असतो, आणि सुरुवातीबरोबर त्याचा शेवटही ठरलेला असावा लागतो. जिला शेवट नाही अशा सेवेतून माणसे निरोप घेऊन जात नाहीत, गुपचूप गळतात.

या विषयावर बोलणाऱ्याला हमखास आठवते ती मत्तयाच्या शुभवर्तमानातली दोन मुलांची गोष्ट. बाप दोघांना द्राक्षमळ्यात कामाला जायला सांगतो. एक साफ नकार देतो, पण मागाहून पस्तावतो आणि जातो. दुसरा अदबीने हो म्हणतो आणि जातच नाही. येशूने ही गोष्ट मुख्य याजकांना आणि वडीलजनांना उद्देशून सांगितली आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो आणि तिचा आसूड संडे स्कूलच्या ताईंवर ओढतो. पण मला त्या गोष्टीतला पहिला मुलगा जास्त विचार करायला लावतो. त्या घरात बापाच्या तोंडावर नाही म्हणता येत होते. बापाने त्याला घराबाहेर काढले असे गोष्टीत नाही, चारचौघांत त्याचे नाव घेतले असेही नाही. नकार ऐकून घेणारे घर होते म्हणून त्याला पस्तावायला सवड मिळाली, आणि तो गेला तेव्हा स्वतःच्या पायांनी गेला. आमची वार्षिक सभा दरवर्षी दुसरा मुलगा घडवते. भरल्या सभेत नाही म्हणायची सोयच नसेल तर तिथल्या ‘हो’ला कशाची किंमत? मान हलवणाऱ्याला तेवढ्यापुरती सभेच्या नजरेतून सुटका हवी असते, दुसरे काही नाही.

आपण समजतो त्याहून शास्त्र या बाबतीत कितीतरी सावध आहे. मोशेच्या नियमशास्त्रात नवस केला तर तो फेडायला उशीर लावू नये अशी ताकीद आहे, पण तिला जोडूनच सांगितले आहे की नवस केलाच नाही तर त्यात पाप नाही. उपदेशकाचा लेखक तर उतावळ्या तोंडाला थेट मूर्खपणाच्या पंक्तीला बसवतो. लेवीय पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात नवसाचे मोल पैशात ठरवून तो सोडवून घेण्याचे नियम आहेत, आणि ठरलेले मोल देण्याची ऐपत नसलेल्या माणसासाठी याजकाने त्याची कुवत पाहून आकडा कमी करावा अशी तरतूदही आहे. म्हणजे ज्या नियमशास्त्राला आपण कठोर म्हणतो, त्याने माणूस शब्दाखाली चिरडला जाऊ नये याची व्यवस्था करून ठेवली होती. उलट बाजूला इफ्ताह आहे. लढाईच्या तोंडावर काही मागचापुढचा विचार न करता, घराच्या दारातून जे सामोरे येईल ते देवाला अर्पण करीन, असा त्याने नवस बोलला, आणि विजयी होऊन घरी आला तेव्हा दारातून नाचत सामोरी आली ती त्याची एकुलती एक मुलगी. त्याने शब्द पाळला. शास्ते पुस्तकातला तो प्रसंग वाचून त्याच्या वचननिष्ठेचे कौतुक करावेसे कोणाला वाटते? मला तर वाटते, शब्द पाळणे हाच सर्वोच्च धर्म मानणाऱ्यांना उत्तर म्हणून ती कथा बायबलात राहिली आहे.

आणि मार्काच्या सातव्या अध्यायातले कर्बान. आईबापांच्या निर्वाहाला लागणारे द्रव्य देवाला वाहिले आहे असे जाहीर करायचे, आणि मग त्यांना मदत करायला आपले हात बांधलेले आहेत म्हणायचे, या चालीवर येशूने कडक शब्दांत बोट ठेवले. आजचे कर्बान पैशाचे नसते, वेळेचे असते. घरी अंथरुणाला खिळलेली आई, तिचे सगळे सुनेवर, आणि चिरंजीव संध्याकाळी प्रार्थना सभेला, दुसऱ्या दिवशी कमिटीला, रविवारी दिवसभर मंडळीत. अशा माणसाचे मंडळीत नाव निघते. त्याचा शब्द कधी मोडत नाही, कारण त्याची किंमत दुसरेच कोणी मोजत असते.

“देवाच्या कामाला मुदत कसली?” असे विचारणारे भेटतात. प्रश्न भक्तीचा वाटतो, पण बायबलाच्या जवळ जाऊन पाहिले तर टिकत नाही. निवासमंडपाच्या सेवेत लेव्याने पंचविसाव्या वर्षी यावे आणि पन्नासाव्या वर्षी थांबावे, असे गणना पुस्तकाच्या आठव्या अध्यायात ठरवून दिले आहे. पन्नाशीनंतर त्याने भाऊबंदांना हाताखाली मदत करावी, पण सेवेचा भार त्याच्यावर नाही. दाविदाच्या काळात याजकांचे २४ वर्ग पाडले गेले आणि प्रत्येकाची पाळी लागली. लूकाच्या शुभवर्तमानाची सुरुवातच अशा एका पाळीपासून होते. अबीयाच्या वर्गातला म्हातारा जखऱ्या धूप जाळायला मंदिरात जातो, देवदूत दिसतो, मुलगा होणार हे ऐकून त्याचा विश्वास बसत नाही आणि त्याची वाचा जाते. नाताळाच्या आधी दरवर्षी आपण हे वाचतो, पण पुढच्या एका वाक्याकडे आपले लक्ष नसते. मुका झालेला जखऱ्या लगेच घरी गेला नाही. त्याच्या सेवेचे दिवस पुरे झाले तेव्हा तो घरी गेला.

त्या एका वाक्यात दोन्ही गोष्टी आल्या. वाचा गेलेला, भेदरलेला म्हातारा उरलेले दिवस काढून मगच निघतो, ही निष्ठा. पण उरलेले दिवस म्हणून काही होते, हेही तितकेच खरे. पाळी संपण्याचा दिवस त्याला माहीत होता. मुक्या माणसाने मरेपर्यंत मंदिरात उभे राहावे अशी अपेक्षा कोणी केली नव्हती.

ख्रिस्ती परंपरेत कायमचा शब्द देणारे लोक म्हणजे मठवासी. म्हणून त्यांनी मुदतीचा विचार केला नसेल असे वाटते. उलट सर्वात बारीक विचार त्यांनीच केला. इटलीत मोंते कासिनो इथे सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठासाठी ७३ प्रकरणांचे नियम लिहिले. पश्चिमेकडच्या मठांनी पुढे शतकानुशतके तेच पाळले. मठात यायला आलेल्याला सहज आत घेऊ नये, असे त्यात आहे. चार-पाच दिवस त्याने दारातच थांबून आपली चिकाटी दाखवावी. आत घेतल्यावर दोन महिन्यांनी त्याला सगळे नियम वाचून दाखवावेत आणि पाळता येत असतील तर राहा, नाहीतर मोकळेपणाने जा असे सांगावे. मग सहा महिन्यांनी पुन्हा वाचावेत, आणखी चार महिन्यांनी पुन्हा. वर्ष उलटल्यावर त्याने होकार दिला तरच तो कायमचा. आणि त्यानंतरही त्याचे मठात येतानाचे कपडे टाकून द्यायचे नाहीत, जपून ठेवायचे. पुढे कधी सैतानाचे ऐकून तो निघालाच, तर त्याच्या अंगावर घालायला ते असावेत म्हणून. जन्मभराचा शब्द घेणाऱ्या माणसाने परतीचे कपडे सांभाळून ठेवायला सांगावे, याला मी मनुष्यस्वभावाची जाण म्हणतो.

त्याच नियमांत स्वयंपाकघरातल्या पाळीवर एक अख्खे प्रकरण आहे, पस्तिसावे, आणि मंडळीच्या प्रत्येक कमिटीने ते वाचावे असे मला वाटते. आजारी किंवा दुसऱ्या महत्त्वाच्या कामात गुंतलेले सोडून सगळ्यांनी आळीपाळीने आठवडाभर एकमेकांना जेवू घालायचे. अशक्त असेल त्याला मदतनीस द्यायचे, म्हणजे तो खिन्न होणार नाही. ज्याची पाळी संपते त्याने शनिवारी साफसफाई करायची, हातपाय पुसायची फडकी धुवायची, आणि संपणाऱ्या व सुरू होणाऱ्या अशा दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. भांडी स्वच्छ आणि धड अवस्थेत कोठाराच्या कारभाऱ्याकडे परत करायची. त्याने ती नव्याला द्यायची, म्हणजे काय दिले आणि काय परत आले याचा हिशेब राहतो. पाळीवाल्यांना जेवणाच्या तासभर आधी थोडी जास्त भाकरी आणि पेय द्यायचे, भुकेल्या पोटी कुरकुर न करता त्यांनी वाढावे म्हणून. रविवारी प्रार्थनाघरात दोघांनी सगळ्यांपुढे गुडघे टेकून प्रार्थना मागायची. एकाने आठवडा निभावल्याबद्दल देवाची स्तुती करायची, दुसऱ्याने पुढच्या आठवड्यासाठी त्याचे साहाय्य मागायचे.

आमच्याकडे सेवा घेणाऱ्यासाठी प्रार्थना होते, टाळ्याही होतात. सेवा सोडणाऱ्यासाठी काय होते? ज्या ताईंनी अकरा महिने मुलांना शिकवले आणि मग नोकरीपुढे नाइलाज झाला, त्यांच्यासाठी एखाद्या रविवारी दोन शब्दही बोलले जात नाहीत. हजेरीची वही कोणाकडे द्यायची, कपाटाची किल्ली कोणाकडे, कुठल्या मुलाला वाचायला अडचण आहे हे पुढच्या शिक्षिकेला कोण सांगणार, याची काही रीत नाही. मग त्या रविवारी येणेच टाळतात. पुढे मंडळीत येणेही टाळतात. शब्द मोडला तो संडे स्कूलचा, पण गमावली ती माणसे. तरुण वयात सेवेला लागून तिशीत मंडळीपासून दुरावलेल्या अनेकांच्या दुराव्यामागे श्रद्धा हरपल्याची काही मोठी कथा नसते. एक न फेडलेला होकार असतो आणि त्याची लाज असते.

महाराष्ट्रातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या बाबतीत या दुखण्याला आणखी एक जुने कारण आहे. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आले, १८३१ मध्ये त्याने अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ठाणे केले. तिथून खेडोपाडी शाळा आणि मंडळ्या उभ्या राहिल्या. त्या खेड्यातला मिशनचा मास्तर आठवडाभर शाळा घ्यायचा आणि रविवारी त्याच खोलीत उपासना. घरोघर जाऊन शुभवर्तमान सांगणाऱ्या बायबल स्त्रिया होत्या, प्रचारक होते, दवाखान्यात कंपाउंडर होते. यातले बरेच जण मिशनच्या पगारावर होते. पगार तुटपुंजा असे, पण ती नोकरी होती. नेमणूक होती, बदली होती, रजा होती, राजीनामाही होता. पुढे परदेशी मिशनांचा पैसा आणि माणसे ओसरत गेली. १९७० साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन होईपर्यंत काळ पुरता पालटला होता. पगाराची कामे बिनपगाराच्या माणसांकडे आली. पण काम घेणाऱ्यांची नजर मालकाचीच राहिली, आणि नोकरीबरोबर येणारी नेमणूक, रजा, निवृत्ती ही रीत मात्र पगाराबरोबर निघून गेली. आज आपण स्वयंसेवकाकडून नोकराची हजेरी मागतो आणि त्याला नोकराइतकीही सुट्टी देत नाही.

या पगारी सेवेबद्दलची अस्वस्थता रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी फार आधी बोलून दाखवली होती. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यापासून त्यांचे आयुष्य अमेरिकन मराठी मिशनच्या कामात गेले होते. मराठी मंडळ्या आजही त्यांची भजने गातात. पण ख्रिस्ताची सेवा मिशनच्या चौकटीबाहेर, भारतीय रीतीने, पगाराच्या आधाराशिवाय करावी ही ओढ त्यांना होती, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. हे शब्द मोडणे म्हणायचे का? इतक्या वर्षांचा संबंध होता, ज्यांनी घडवले ते लोक होते. मला तसे वाटत नाही. ते उघडपणे गेले, कशासाठी जात आहोत हे जाहीर करून गेले. त्यांच्या मागे कोणाला अंदाज बांधत बसावे लागले नाही. आपल्या मंडळ्यांतल्या साध्यासुध्या कामांनाही ही पद्धत लावता येते. “मी ऑगस्टपर्यंत आहे, पुढे मला जमणार नाही,” असे जूनमध्ये सांगणारा माणूस शब्दाचा पक्का आहे. ऑगस्टमध्ये फोन उचलायचे थांबवणारा नाही.

टिळक १९१९ साली गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरे होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे आपले ६४ अध्याय रचून ते तडीस नेले. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचलेल्या माणसाला हे वेगळ्याने सांगायला नको की लक्ष्मीबाईंचे शिक्षण शाळेत झाले नव्हते आणि नवऱ्याने अर्ध्यावर टाकलेल्या कामांचा त्यांना दांडगा अनुभव होता. पण गंमत बाजूला ठेवली तरी एवढे दिसते की एकाने उचललेले काम दुसऱ्याने पुरे केले तरी ते पुरेच होते. शब्द माणसाबरोबर संपावा असे नाही. तो हस्तांतरित करता येतो, मात्र घेणारे कोणीतरी जवळ हवे.

आता दुसरी बाजूही बोलायला हवी, नाहीतर हा लेख कामचुकारांची वकिली ठरेल. न सांगता गळणे ही लहान चूक नाही. तिची झळ कोणाला बसते ते पाहा. कमिटीच्या सभेला सदस्य आला नाही तर फारसे काही अडत नाही, बहुतेक वेळा सभाच लवकर संपते. पण संडे स्कूलच्या दारात आठ वर्षांची मुलगी पाठ केलेले वचन घेऊन उभी असते. महिन्यातून एकदा घरी प्रभुभोजन घेऊन येणाऱ्यांची वाट बघत एखादे आजोबा सकाळपासून धुतलेला सदरा घालून बसलेले असतात. मंडळीत ज्यांचा आवाज सर्वात लहान, मोडलेला शब्द त्यांच्याच वाट्याला येतो. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतही हेच घडले. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. त्या परक्या बोलीच्या, आधार नसलेल्या बायका होत्या. त्यांची कुरकुर ऐकल्यावर प्रेषितांनी काय केले? वाढणाऱ्यांना शब्दाचे मोल समजावणारा उपदेश केला नाही. आपल्याला वचनाची सेवा सोडून पंगतीत वाढण्याचे काम करता येणार नाही, हे त्यांनी सगळ्यांना बोलावून स्पष्ट सांगितले, आणि मंडळीला सात माणसे निवडायला लावली. स्वतःच्या कुवतीची हद्द कबूल केली म्हणून कामाला माणसे मिळाली. त्या सातांतला स्तेफन पुढे पहिला हुतात्मा झाला, पण त्याची नेमणूक जेवण वाढायला झाली होती.

आणि ज्याने खरोखर शब्द मोडला त्याचे काय? योहान म्हटलेला मार्क पौल आणि बर्णबाबरोबर पहिल्या मोहिमेवर निघाला, आणि पंफुल्यातल्या पिर्गा इथून त्यांना सोडून यरुशलेमला परतला. का, ते प्रेषितांच्या कृत्यांत दिलेले नाही. घरची आठवण, आजार, भीती, पौलाशी न पटणे, काहीही असेल. पुढच्या मोहिमेला बर्णबाला तो पुन्हा हवा होता आणि पौलाला नको होता. यावरून दोघांत इतके तीव्र भांडण झाले की ते वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्र बेटाकडे गेला आणि पौल सीलाला घेऊन दुसरीकडे. आपल्याकडे या प्रसंगावर बोलताना पौल शिस्तीचा आणि बर्णबा मऊ मनाचा असा निकाल देतात. मला दोघेही बरोबर वाटतात. ज्या मोहिमेत जिवाची बाजी होती तिच्यात पौलाने एकदा सोडून गेलेल्याला लगेच घेतले नाही, यात अन्याय नाही. विश्वास पुन्हा मिळवावा लागतो. पण बर्णबा नसता तर तो मिळवायची संधी मार्काला कुठून मिळाली असती? बर्णबाने त्याला आपल्या ओळखीच्या मुलखात नेले. कुप्र हे बर्णबाचे मूळ बेट, आणि मार्क त्याचा भाऊबंद. शेवटी तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात पौल मार्काला घेऊन ये म्हणतो, कारण सेवेसाठी तो आपल्या उपयोगाचा आहे. त्याच्या आधीच्याच ओळीत देमास आपल्याला सोडून गेल्याचे लिहिले आहे. सोडून गेलेल्या दोघांची नावे एका श्वासात येतात, आणि त्यातला एक परत आलेला असतो. दुसरे शुभवर्तमान परंपरेने याच मार्काच्या नावावर आहे.

मंडळीत बर्णबाची जागा कोणाची असते? गळालेल्या माणसाच्या घरी जाऊन, कामाचा विषय न काढता चहा घेऊन येणाऱ्याची. असा एखादा बुजुर्ग प्रत्येक मंडळीत असतो आणि बहुधा त्याला कुठल्याच कमिटीत घेतलेले नसते.

आठवण कशी करून द्यावी याचा धडाही पौलाकडेच आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करायची करिंथकरांनी वर्षभर आधी मोठ्या उत्साहाने तयारी दाखवली होती. नंतर ते काम रेंगाळले. पौल चिडत नाही. त्यांच्या उत्साहाबद्दल आपण मासेदोनियात फुशारकी मारली आहे, हे तो थोडे मिश्कीलपणे कळवतो. मग आपण पोहोचण्याआधी तीताला आणि आणखी भावांना पुढे पाठवतो, म्हणजे आपण आल्यावर सगळ्यांसमोर त्यांची मान खाली जाणार नाही. मोजायचे ते आपल्याजवळ असलेल्यावरून, नसलेल्यावरून नव्हे, असेही सांगतो. त्या आधीच्या पत्रात त्याने आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने थोडे थोडे बाजूला ठेवावे असे सुचवलेच होते. लाज टाळण्याची ही व्यवस्था पाहण्यासारखी आहे. आपल्या वार्षिक सभेत अहवाल वाचताना कोणाचे काम झाले नाही ते माईकवरून सांगितले जाते. पौलाने तीताला आधी पाठवले होते.

याच पैशाच्या बाबतीत पौलाने आणखी एक काळजी घेतली. रक्कम नेताना मंडळ्यांनी निवडलेली माणसे त्याने बरोबर घेतली, कारण देवापुढेच नव्हे, माणसांपुढेही काम स्वच्छ दिसावे अशी त्याची इच्छा होती. हे वाचताना मला आपल्या मंडळ्यांतला उलट्या जातीचा शब्दभंग आठवतो. त्याच्यावर कधी उपदेश होत नाही. मुदत संपली तरी न हलणारे खजिनदार, तीन पाळक येऊन गेले तरी तेच असणारे सचिव, प्रत्येक निवडणुकीला दुसरे कोणी तयार नाही म्हणून बिनविरोध येणारे सदस्य. ‘मी सोडले तर कोण करणार?’ हे त्यांचे पालुपद. तरुणांना काम शिकवायचे ठरवून त्यांना घेतलेले असते, पण चेकबुक हातातून सुटत नाही. संडे स्कूल अर्ध्यावर सोडणाऱ्या मुलीने एक शब्द मोडला. खुर्चीला चिकटलेल्या माणसाने पुढच्या पिढीला दिलेला शब्द मोडला आहे, आणि त्याच्या हजेरीत एकही खाडा नसल्यामुळे तो कोणाच्या लक्षातच येत नाही. बेनेडिक्टच्या स्वयंपाकघरात अशा माणसाला शनिवारी भांडी परत करावी लागली असती.

इथे बायकांच्या सेवेचाही हिशेब मांडायला हवा. कमिटीवर पुरुष आणि स्वयंपाक, झाडलोट, फुले, संडे स्कूल, आजारी माणसाशेजारी बसणे हे बायकांकडे, ही वाटणी आपल्या बऱ्याच मंडळ्यांत अजून आहे. कमिटीची मुदत घटनेत लिहिलेली असते. फुले सजवण्याची मुदत कुठे लिहिलेली असते? ती तिसाव्या वर्षी घेतली की गुडघे निकामी होईपर्यंत तिचीच.

म्हणून जानेवारीतल्या सभेची रीत बदलावी लागेल. भर सभेत कोणाला विचारायचे नाही, आधी घरी जाऊन विचारायचे आणि उत्तरासाठी आठवडा द्यायचा. प्रत्येक कामापुढे कधीपासून कधीपर्यंत अशी तारीख लिहायची. नाही म्हणणाऱ्याला कारण विचारायचे नाही. काम संपवणाऱ्याला सगळ्यांसमोर उभे करून त्याच्यासाठी प्रार्थना करायची, वही आणि किल्ली त्याच्या हातून पुढच्याच्या हाती द्यायची. असे केले तर काही कामांना माणसे मिळणार नाहीत, हे मला दिसते. पंधरा कामांच्या यादीत नऊच नावे येतील. तेव्हा उरलेल्या सहा जागा टाळ्यांच्या जोरावर भरण्याचा मोह होईल. त्या रिकाम्या राहू द्याव्यात. गायनवृंद सहा महिने बंद राहिला तर मंडळी बाजाच्या पेटीवर गातील. कापणीच्या सणाला जेवण नसेल तर ज्याने त्याने डबा आणावा. पण आजाऱ्यांच्या भेटींची जागा रिकामी राहिली, तर ती कोणती कामे थांबवून भरायची, हे त्याच सभेत मंडळीने ठरवावे, आणि तोवर पाळकसाहेबांनी आणि कमिटीवरच्या पुरुषांनी पाळी लावून स्वतः जावे.